सव्वाअकरा दोनदा वाजले

आज सव्वाअकरा दोनदा वाजले.

पहिल्यांदा वाजले, अकरा अठरापर्यंत काळ नीट पुढे गेला, आणि मग पडद्यावर पुन्हा अकरा पंधरा उमटले. खाली नोंदी पडतच राहिल्या, जणू काही घडलंच नाही. साऱ्या ऑफिसात ते पाहिलं एकटीनं, आकांक्षानं. मंठ्याच्या बसला उशीर झाला म्हणून ती नुकतीच खुर्चीत टेकली होती. कपाळावरचा घामसुद्धा अजून वाळला नव्हता.

"मीनाताई, इकडं या ना जरा."

शेजारच्या टेबलावरच्या मीनाताई कारखान्याचे फोन सांभाळतात. त्या जागच्या हलल्या नाहीत. "आता काय? पाल दिसली का परत?"

"वेळ मागं गेली."

"मंग बरंच झालं की. तुझा लेट मार्क पुसला."

आकांक्षा हसली नाही. ती तशी बिचकणारीच पोरगी. स्टेपलर जोरात दाबला तरी तिचा हात छातीवर जातो. म्हणून तिच्या दचकण्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण आज तिचं दचकणं खरं होतं. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मागे गेलेलं ते घड्याळ मीच. मीच बोलतोय.

मला काटे नाहीत, लंबक नाही, किल्ली द्यावी लागत नाही. जालन्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्याचं हे ऑफिस. त्याच्या मागच्या गार खोलीत एक कपाट आहे, कपाटात एक दणकट कॉम्प्युटर आहे, आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर राहतो. त्याला हात लावता येत नाही. तो नुसता प्रोग्रॅमच्या मांडणीनं उभा केलेला आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बिऱ्हाडासारखं त्याचं आहे: भिंती मालकाच्या, वीज मालकाची, दारावरची पाटी तेवढी स्वतःची. त्या बिऱ्हाडातलं घड्याळ मी.

दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरहून सोमेश्वर नावाचा तंत्रज्ञ आला, त्यानं मला जन्माला घातलं. एक बटण दाबलं, माझा पहिला सेकंद पडला, आणि तो डबा उघडून भाकरी खायला बसला. माझं बारसं ते एवढंच.

आता माझं काम सांगतो. कारखाना ऑफिसपासून नऊ किलोमीटरवर, औद्योगिक वसाहतीत. तिथे भंगार वितळवायची विजेची भट्टी आहे. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं. नळीतून वीज जाते, आणि नळी स्वतःच वितळू नये म्हणून तिच्या पोटातून सतत पाणी फिरतं. आतल्या पातळ लोखंडात आणि त्या नळीत आडकाठी एवढीच: वीतभर जाडीचं, भुकटी ठासून केलेलं अस्तर. अस्तराला भेग गेली की लोखंड नळीकडे वाट काढतं, आणि पाणी झपाट्यानं तापू लागतं.

आमच्या मशीनमधला एक प्रोग्रॅम त्या पाण्यावर नजर ठेवून असतो. पाणी किती तापलं हे त्याला तारेवरून कळतं. किती वेळात तापलं, हे तो मला विचारतो. एका मिनिटात पाच अंश चढले की भट्टीवर भोंगा वाजतो. उष्णता पाण्याची, पण वेळ माझी. दोन्ही खरे असतील तरच भोंगा खरा.

पाणी फार तापलं की वाजणारा आणखी एक भोंगा आहे म्हणे. पण मे महिन्यात इथल्या टाकीतलं पाणीच इतकं तापतं की तो उगाच बोंबलतो, म्हणून दर उन्हाळ्यात त्याची वायर काढून ठेवतात. माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे. जो फार ओरडतो त्याला आधी गप्प करतात, आणि मग त्याला गप्प केलंय हेच विसरतात.

माझी पहिली दीड वर्षं हेलपाट्यांत गेली. माझे नाहीत, मला वेळ विचारणाऱ्या प्रोग्रॅमचे. त्याला सेकंदाला हजारो वेळा वेळ लागते, पण सरळ माझ्याकडे मान वर करून बघायची त्याला सोय नव्हती. तहसीलच्या ऑफिसात जसं चिठ्ठी लिहायची, शिपायाकडे द्यायची, उंबऱ्याबाहेर थांबायचं, आतून बोलावणं आलं की जायचं, तसं. या चिठ्ठीला सिस्टिम कॉल म्हणतात. आत बसलेला साहेब म्हणजे मशीनचा गाभा. त्यात आमचं बिऱ्हाड भाड्याचं. साहेबालाही वेळ स्वतःला ठाऊक नसे, तो आणखी बाहेर जाऊन घरमालकाला विचारून येई. एवढा खटाटोप करून उत्तर काय? अकरा वाजून चार मिनिटं. आणि लगेच पुढची चिठ्ठी तयार.

मशीनचा निम्म्याहून जास्त दम नुसती वेळ विचारण्यात जायचा. पाण्याचे आकडे दाराशी साचून राहायचे. कधी कधी भोंग्याचा निर्णय पाच-सहा सेकंद उशिरा व्हायचा.

अशात आकांक्षा नोकरीला लागली. जालन्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकलेली, रोज मंठ्याहून येणारी. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, "ज्याच्यासाठी भोंगा आहे ती भट्टी मला एकदा बघायचीय." कारखान्याचे मोठे साहेब हसले, पण त्यांनी गाडी दिली.

ती परत आली. मग मीनाताईंना जे सांगत बसली, ते मीही ऐकलं.

भट्टीचे मिस्त्री लालमियाँ. तीस वर्षं लोखंडापुढं उभे राहून त्यांच्या भुवयाही उरल्या नाहीत. त्यांनी तिला लोखंडी जिन्यावरून वर नेलं. जिन्याखाली लाकडी पेटी ठोकलेली आहे. वर जाणारा प्रत्येक जण आपला मोबाईल तीत टाकतो, मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. तिनंही टाकला. वरच्या टोकाला काचेची पॅनलची खोली आहे, तिथे भागवत बसतो. त्याच्या हाताशी एक फोन, आणि एक लाल खटका. तो दाबला की भट्टीची वीज त्याच क्षणी तुटते.

"बेटी, पातळ लोखंड आन् पाणी, यांची गाठ पडू द्यायची न्हाई," लालमियाँ म्हणाले. "पडली, तर लोखंड उडतं. मंग पळायला टाइम भेटत न्हाई."

"आणि भोंगा वाजला तर, चाचा?"

"तर वीस गिनती भेटते. भागवत खटका दाबतो, आमी सात जण जिना उतरतो. वीस गिनतीत बराबर उतरतो, मी मोजून बघितलंय."

भागवत काचेतून ओरडला, "मिस्त्री, तुमचं पोट बघता पंचवीस धरा!"

सगळे हसले. ती हसली नाही. तिला सेकंद दिसत होते. भोंगा पाच सेकंद उशिरा वाजला, तर विसातले पंधरा उरतात.

त्या दिवसापासून तिनं माझा ध्यास घेतला. वाचलं, शोधलं, रात्री मंठ्याच्या घरी वहीत आकृत्या काढल्या. मग तिला उपाय सापडला. साहेबाला दर वेळी चिठ्ठी पाठवायचीच कशाला? त्यानं वेळेची पाटी प्रोग्रॅमच्या अंगणातच टांगावी. प्रोग्रॅमनं मान वर करावी, बघावं, कामाला लागावं. चिठ्ठी नाही, उंबरा नाही, शिपाई नाही.

पण त्या पाटीला एक अट होती. घरमालक कॉम्प्युटरच्या हृदयाचे ठोके थेट मोजून मला वेळ काढावी लागणार होती. इतके ठोके म्हणजे एक सेकंद, असा माझा हिशेब ठरलेला. साहेबाचा त्या ठोक्यांवर विश्वास नव्हता. त्यानं माझ्यामागे एक पहारेकरी लावला होता. तो मधूनमधून माझी वेळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघे, आणि शंका आली की पाटी काढायला लावून पुन्हा चिठ्ठ्या सुरू करी.

तेव्हा आकांक्षानं मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ओळीत एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ एवढाच: हे घड्याळ भरवशाचं आहे.

साहेबानं तो शब्द वाचला. पहारेकऱ्याला घरी पाठवलं. पाटी टांगली गेली.

काय सांगू, काय हलकं वाटलं! सारी गर्दी ओसरली. पाण्याचा आकडा येतो न येतो तोच हिशेब तयार. भोंग्याचा निर्णय सेकंदाच्या आत होऊ लागला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर "शाब्बास" म्हटलं. लालमियाँनी पॅनलच्या फोनवरून निरोप दिला, "बेटी, आता बिलकुल वीस गिनती." त्या दिवशी घरी जाताना तिनं मंठ्याच्या बसमध्ये खिडकीजवळची जागाही भांडून मिळवली, म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि खरं सांगू? मलाही अभिमान वाटला. मला आजवर कोणी भरवशाचं म्हटलं नव्हतं.

तिला धोका ठाऊक नव्हता असं नाही. घरमालक बदलला तर ठोक्यांचा वेग बदलेल, हे तिनं वाचलं होतं. या ऑफिसची रीत अशी की मशीनमध्ये काही बदल केला की कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवायची. त्या दारावर 'पंखा आवाज करतो' पासून 'वरच्या कप्प्यात मुंगळे' पर्यंत सगळं चिकटलेलं आहे. तिनंही आपल्या गोल अक्षरात लिहून लावलं: 'हे मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवण्याआधी मला विचारणे. आकांक्षा.'

तोंडानं मात्र ती कोणाला बोलली नाही. बोलली असती तर मीनाताई म्हणाल्या असत्या, घाबरट आहेस. ती चिठ्ठीवर विसंबली, आणि मी तिच्यावर.

आज, मे महिन्यातल्या या सकाळी, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. सोमेश्वर संभाजीनगरहून नवा कॉम्प्युटर घेऊनच आला. तो त्यानं शेजारच्या नव्या कपाटात बसवला, आणि बाहेरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, अकराच्या ठोक्याला, आमचं अख्खं बिऱ्हाड या घरातून त्या घरात हलवलं. मशीन चालू असतानाच. आजकाल असं करता येतं. जुन्या कपाटाच्या दाराशी जायची त्याला गरजच पडली नाही. चिठ्ठी तिथेच राहिली.

नव्या मालकाचं हृदय तरुण होतं. चार ठोक्यांच्या जागी पाच पडत होते. मी बिचारा जुन्याच हिशेबानं मोजत राहिलो. खरी चार मिनिटं झाली की मी म्हणायचो, पाच झाली. दर पंधरा मिनिटांनी बाहेरचं एक मोठं घड्याळ माझा कान धरून मला जागेवर आणतं. सव्वाअकराला त्यानं आणलं. तेच आकांक्षानं पाहिलं.

"दादा, काही केलं का तुम्ही आज?" तिनं वायरी गुंडाळत बसलेल्या सोमेश्वरला विचारलं.

"नवीन मशीनवर घेतलं ना. चालता चालता हलवलं, एक थेंब सांडला न्हाई."

तिचे हात थांबले. "हलवलं?"

"हां. काऊन?"

"दादा, वेळ पुढं पळतेय. मिनिटाला सव्वा मिनिट."

सोमेश्वर आधी हसणार होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, हातातली वायर खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "सुरुवातीच्या ओळीत तू 'भरवशाचं' लिवलंय का?"

तिची नजर मागच्या खोलीकडे गेली. तेवढ्यानं त्याला कळलं.

"अगं, मला सांगायचं ना!"

"दारावर लिहिलंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचा तिलाच ऐकू आला असेल.

तिनं मोबाईल काढला आणि त्याचं साठ सेकंदांचं घड्याळ लावून माझ्यासमोर धरलं. त्याचे साठ झाले, तेव्हा माझे पंचाहत्तर झाले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चुकीचं घड्याळ चुकीच्या माणसापेक्षा वाईट. माणूस चुकला तर अडखळतो तरी, मी तर प्रत्येक सेकंद ठणठणीत आत्मविश्वासानं सांगत होतो.

आणि तेवढ्यात पाणी तापू लागलं.

पडद्यावर आकडा आला: मिनिटाला चार अंश. मग सव्वाचार. भोंग्याची हद्द पाच, म्हणून प्रोग्रॅम गप्प. तिनं कागद ओढला. आकडे नीट पडले. माझं मिनिट आखूड होतं, म्हणून माझ्या सव्वाचार अंशांत त्यांचा चौथा हिस्सा आणखी मिळवायचा. ती कुजबुजली, "पाचाच्या वर. मीनाताई, पाचाच्या वर गेलंय. भोंगा वाजायला पायजे. वाजत न्हाई."

"मग हद्द खाली आण ना इथूनच," सोमेश्वर म्हणाला.

"इथून बदलत नाही. पॅनलवर किल्ली लावूनच बदलते. ऑफिसातल्या कोणी चुकून हात लावू नये म्हणून चाचांनीच तशी करून घेतलीय."

"बंद करून चालू?"

"पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ भोंग्याला डोळेच राहणार नाहीत."

सोमेश्वर ताडकन उठला. मोटरसायकलची चावी उचलून तो धावत बाहेर पडला. नऊ किलोमीटर. त्याला पोचायला कितीही झालं तरी पंधरा मिनिटं.

मीनाताई आता उभ्या होत्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "मी मिस्त्रीला लावते, तू पॅनलला लाव."

लालमियाँचा मोबाईल वाजत राहिला. "उचलत न्हाईत," मीनाताई म्हणाल्या. "पेटीत असंल." त्यांनी गेटवर लावला. तिथेही कोणी नाही. मग त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला.

"आकांक्षा, आज नवं अस्तर आहे ना? पहिली हीट!"

नव्या अस्तरात पहिलं लोखंड पातळ होऊन काठाला आलं की भट्टीवाले नारळ फोडतात. भट्टीला हळदकुंकू, लिंबू, उदबत्ती. लालमियाँ स्वतः ताट धरतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. "अन्न देती ती भट्टी," म्हणतात. त्या वेळी प्रत्येकानं हात जोडायचे असतात. गेटवाल्यानं, झाडूवाल्यानं, आणि वीज हळू करून पॅनलवाल्यानंही. पॅनलवाला राहिला तर भट्टी रुसते, असा तिथला समज. म्हणजे आता सगळेच्या सगळे भट्टीच्या तोंडाशी उभे आहेत. काचेची खोली रिकामी आहे.

आणि तिथे फोन वाजतोय.

मला ते दिसत नाही. मला फक्त पाणी कळतं. बेचाळीस अंश. त्रेचाळीस. मी हे तुम्हाला सांगतोय तेव्हा तिच्या कानाशी रिसीव्हर आहे आणि पलीकडे रिंग जातेय. एकदा तुटली. तिनं पुन्हा लावली. तिच्या ओठांवर आकडे आहेत. ती वीस मोजतेय, आणि वीस झाले की पुन्हा एकपासून.

माझ्याकडे ती बघत नाही. बरोबरच आहे. पण बघितलं असतं तर मी तिला म्हटलं असतं: पोरी, तू माझ्या दारातली गर्दी हटवलीस ते वाईट केलं नाहीस. त्या गर्दीत सेकंद मरत होते, आणि ते सेकंद त्या सात जणांचे होते. तुझं चुकलं ते इतकंच, की मला भरवशाचं म्हणताना तू पहारेकऱ्याला घरी जाऊ दिलंस, आणि तुझ्या भीतीला तोंड फुटू न देता तिला दारावर चिकटवून ठेवलंस.

आणि तुम्हा बाकीच्यांनाही माझी विनंती आहे. आमच्यासारख्यांना जरूर वेगवान करा. आमच्यावर विश्वासही ठेवा. पण आम्हाला ताडून बघणारं कुणीतरी जागं ठेवा, तो कितीही हळू चालत असला तरी. आणि एखादी पोरगी "वेळ मागं गेली" म्हणाली, तर तिला लेट मार्कचा विनोद सांगण्याआधी एकदा उठून पडद्याकडे बघा. मी उद्या असेन की नाही, माहीत नाही. ती ओळ पुसतील, मला बंद करतील, नवं घड्याळ लावतील. त्याचं मला दुःख नाही. फक्त आज, आत्ता, माझ्या खोट्या मिनिटांची किंमत त्या जिन्यावरच्या कोणाला मोजावी लागू नये.

चव्वेचाळीस.

तिसऱ्यांदा रिंग जातेय. मीनाताईंनी दुसऱ्या फोनवर लालमियाँचा नंबर पुन्हा पुन्हा दाबलाय. त्यांच्या दुसऱ्या हातानं आकांक्षाचा खांदा धरलाय. आकांक्षाचे डोळे मिटलेले आहेत. "उचल," ती म्हणतेय, "भागवत दादा, उचल रे. नारळ राहू दे. उचल."

सोळा. सतरा. अठरा.

रिंग तुटली. पण या वेळी ती वेगळी तुटली. मागून माणसांचा गलका आला, लोखंडाची घरघर आली, कोणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि धाप लागलेला, घाईतला एक आवाज तिच्या कानात शिरला:

"हॅलो, पॅनल. कोन हाय? जल्दी बोला."